सासऱ्यांची सायकल आणि वर्षाचा हिशोब

आज बचतीचं बोलायचं नाही, कर्जाचंही नाही. आज बोलायचंय सायकलीबद्दल. शाळेतल्या पोरींची नवी रंगीत सायकल नव्हे. आपल्या पडवीत, गोठ्यात, कडब्याच्या गंजीमागं भिंतीला टेकवून ठेवलेली, जिच्या कॅरियरवर कोंबड्या बसतात ती. काळी, अठ्ठावीस इंची, मधे दांडी असलेली. सासऱ्यांची नाहीतर वडलांची. तिच्यावर बसून वर्षभरात किती लांब जायचं, हे आपलं आपण कसं ठरवायचं, ते आज सांगणार आहोत. आम्ही हे दोन वर्षं करतोय. पहिल्या वर्षी चुकलो, चांगल्याच चुकलो, म्हणून सांगण्यासारखं काहीतरी आहे.

आमचं गाव सांगोल्यापासून ११ किलोमीटर, पंढरपूरच्या उलट्या अंगाला. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक. बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट झालं, त्याचं समाधान आहेच. पण गाडीच आली नाही तर अर्धं तिकीट काढायचं कुणाकडून? बँकेतला भरणा, पापड-शेवयांची पोच, दवाखाना, सगळं त्या दोन गाड्यांवर टांगलेलं. गटात आम्ही अकरा जणी. एका बैठकीत सहज विषय निघाला आणि मोजलं, तर सात घरांत जुनी सायकल निघाली. तीन ॲटलस, दोन हिरो, एक हर्क्युलिस, आणि एकीचं नाव पार झिजून गेलेलं. सात सायकली, आणि त्यातली चालू एकही नाही.

या सायकलींना भंगार म्हणू नका. या पद्धतीची दणकट सायकल मूळची इंग्लंडची. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची हर्क्युलिस. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे कारखाने निघाले. मद्रासजवळ हर्क्युलिस १९४९ साली, सोनिपतला ॲटलस १९५१ साली, लुधियान्यात हिरो १९५६ साली. दुधाच्या किटल्या, पोस्टाची पिशवी, कापडाचे गठ्ठे, सगळं या काळ्या सायकलीनं वाहिलं. हिरोचं नाव तर १९८६ मध्ये जगात सर्वांत जास्त सायकली बनवणारा कारखाना म्हणून गिनीजच्या पुस्तकात लागलं. आणि ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, तोही ३ जूनला, जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. त्यामुळं ज्यांच्या घरी ॲटलस आहे त्यांनी ती किलोवर विकू नये, असं आमचं मत आहे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय केलंय. तिथं लोक अशा सायकली बघायला जातात.

आणि नुसत्या बघायलाच नाही. इटलीत गायोले नावाचं गाव आहे. तिथं १९९७ पासून दरवर्षी जुन्या सायकलींची लांब पल्ल्याची फेरी निघते. अट अशी, की सायकल १९८७ च्या आधीची पाहिजे. रस्तेही मुद्दाम खडीचे, पांढऱ्या मातीचे. हे वाचून आमच्या आक्का म्हणाल्या, "म्हंजे आमच्या वस्तीचाच रस्ता की!" आक्का म्हणजे गटातल्या थोरल्या, वय अठ्ठावन्न. त्यांची हर्क्युलिस मामंजींनी घेतलेली, त्यांच्या लग्नाच्याही आधीची. जुनेपणाच्या अटीत ती सहज बसेल.

तर पहिलं काम दुरुस्तीचं. अंतर ठरवायच्या आधी सायकल ठरवायची. आमच्याकडे उलटं झालं होतं, ते पुढं सांगतो. तालुक्याला बसस्टँडमागं एक म्हातारे सायकलवाले चाचा आहेत, त्यांनी एकेक सायकल ओव्हरऑइल करून दिली. गटातून सहा हप्त्यांचं छोटं कर्ज काढलं. करायचं काय, तर सगळे छर्रे काढून धुवायचे, फुटके बदलायचे, नवं ग्रीस भरायचं. रिमचा आऊट काढायचा. टायर नुसता बोटानं दाबून बघू नका, बाजूनं वाकवून बघा. भेगा पडल्या असतील तर तो टायर गावात चालेल, लांब नाही चालणार. पॅडलच्या दांड्याला जी कॉटर पिन असते, ती ढिली झाली की दर फेरीला खुट्ट खुट्ट वाजतं. पुष्कळ जणी तसंच चालवतात. तसं चालवलं तर पिन झिजते, आणि मग दांडा निसटतो तो नेमका चढाला, सगळा जोर लावलेला असताना.

ब्रेकचं नीट ऐका. जुन्या सायकलींना तार नसते, सळईचे ब्रेक असतात. त्याचे रबर रिमच्या आतल्या बाजूला लागतात. रिम लोखंडी. पावसात लोखंडी रिम ओली झाली की हे ब्रेक निम्मेसुद्धा धरत नाहीत. म्हणून ओल्या रस्त्यावर उताराला लागायच्या आधीपासूनच थोडा थोडा ब्रेक दाबत राहायचा, म्हणजे रिम पुसली जाते. आमच्या ओढ्याच्या उताराला एकीनं हे शिकून घेतलं, बाभळीत जाऊन.

आता ती चूक. पहिल्या वर्षी पाडव्याला आम्ही हौसेनं ठरवलं, की प्रत्येकीनं वर्षात २००० किलोमीटर करायचे. आकडा गोल होता, ऐकायला बरा वाटला. २००० ला ३६५ नं भागलं, रोजचे साडेपाच आले. साडेपाच किलोमीटर म्हणजे काय, वस्तीवर दोन हेलपाटे. सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही वहीत लिहिलं, खाली सह्या घेतल्या. सायकली तेव्हा अजून दुकानात होत्या.

रोज म्हणजे रोज, हे बाईच्या आयुष्यात असतं का? मृगाच्या पेरण्या आल्या, पंधरा दिवस गेले. श्रावण-भाद्रपदात सण. डाळिंबाचं छाटणं, फवारणी, तोडणी. दिवाळी. मग माघ-फाल्गुनात शाळूची काढणी. घरातलं आजारपण, लग्नं, पाहुणे. वर्ष संपल्यावर वही उघडली, तर जिची सायकल सर्वांत जास्त दिवस चालली तिचेही दिवस निघाले ११४. आता २००० ला ११४ नं भागा. दिवसाला साडेसतरा येतात. साडेपाचाचं गणितच खोटं होतं. आपल्या हातात किती दिवस आहेत ते न मोजता आम्ही किलोमीटर वाटले होते. कर्जाच्या बाबतीत आम्ही असं कधीच करत नाही. हप्ता ठरवताना आधी विचारतो, बाई, तुझ्या हातात पैसा कोणत्या महिन्यात असतो? सायकलीला मात्र ते विचारलं नाही.

यात नुसता आकडा चुकला असता तर एक वेळ चाललं असतं. झालं असं, की मागं पडलेल्या जणी भरून काढायला लागल्या. आमच्यातली एक धाकटी, दोन लेकरांची आई. मार्च महिन्यात तिचे नऊशे बाकी होते. उन्हात सांगोल्याला जाऊन यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. एके दिवशी दुपारी येताना तिला अंधारी आली आणि ती सायकलीसकट डांबरीवर पडली. मागून ट्रॅक्टर येत होता. चालवणाऱ्यानं वेळेवर दाबला म्हणून ती आज आहे. गुडघा फुटला, हाताला सहा टाके पडले. दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसात. बाईचं बाराच्या खाली गेलं की रक्त कमी म्हणतात, आणि आठच्या खाली गेलं की फारच कमी. तिचं ते सायकलीमुळं कमी झालेलं नव्हतं, आधीपासूनच कमी होतं. दम लागतो, पाय गळतात, असं ती सांगायची, आणि आम्ही म्हणायचो सवय होईल. सही आमच्या वहीत होती, आणि सवय होईल हे म्हणणाऱ्याही आम्हीच. तिच्या सासूनं आमच्या तोंडावर सांगितलं, "तुमच्या आकड्यापायी माझी सून गेली असती." त्याला उत्तर नव्हतं.

आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी आहे, हे सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीत आलेलं आहे. म्हणजे आपल्या बैठकीत बसलेल्या दोघींमधली एक. म्हणून आता आमचा नियम असा, की पाडव्याच्या आधी उपकेंद्रात जाऊन सगळ्यांनी हिमोग्लोबिन तपासायचं. जिचं दहाच्या खाली, तिनं अंतर ठरवायचंच नाही. गावातल्या गावात चालवावी, गोळ्या घ्याव्यात, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. गोळीवर लगेच चहा घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेलं पाणी चालतं. त्या धाकटीचं आता साडेअकरा आहे. ती यंदा चालवतेय, सासूच्या परवानगीनं.

मग दुसऱ्या वर्षी आम्ही आधी दिवस मोजले. दिनदर्शिका घेऊन बसलो आणि ज्या दिवसांत जमणारच नाही त्यावर फुली मारली. पेरणीचे, काढणीचे, वैशाखातल्या दुपारी. ज्यांना पाळीत त्रास होतो त्यांनी तेही दिवस धरले. उरले त्यातलेही निम्मेच आपले समजायचे, कारण ठरल्याप्रमाणं काही होत नसतं. कुणाचे साठ आले, कुणाचे नव्वद. मग प्रत्येकीनं आपला आपला आकडा ठरवला. आक्कांनी ८००, धाकटीनं ३००, एकीनं १२००. सगळ्यांचा एकच आकडा ठेवायचा नाही, हे आम्हाला वर्ष घालवून कळलं.

एक वाद मात्र झाला. कामाची चक्कर धरायची का? म्हणजे बँकेत जाऊन आलं तर ते किलोमीटर वहीत लिहायचे, की हौसेनं चालवले तेवढेच? दोघी-तिघी म्हणाल्या, काम ते काम. आक्का म्हणाल्या, "मग बाईनं हौसेनं कधी जायचं?" आक्कांचं म्हणणं आम्हाला पटलं. चाक फिरलं की धरायचं. वीस किलो पापड लादून गेलं तर दीडपट धरावं, अशीही सूचना आली होती, ती हसण्यावारी गेली. खरं म्हणजे तिच्यात काही चूक नव्हती.

अंतर मोजायचं कसं, तर मोबाईल असला तर मोबाईलवर येतं. नसला तरी अडत नाही. अठ्ठावीस इंची चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर. चाक एकदा फिरलं की सव्वादोन मीटर, आणि किलोमीटरला साडेचारशेच्या आतबाहेर फेरे. एवढे कोण मोजणार? त्यापेक्षा रस्त्याचे दगड बघा. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्याच्या रस्त्याचा, काळा जिल्ह्याच्या रस्त्याचा आणि केशरी गावच्या रस्त्याचा. पिवळ्या दगडाच्या रस्त्यावर ट्रक जास्त. शक्यतो हिरवा नाहीतर केशरी धरा, दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालतील, ते वहीत येतीलच.

आता एक गंमतीचा हिशोब सांगतो, जो आम्हाला सगळ्यांत जास्त आवडला. आर्थर एडिंग्टन नावाचे इंग्लंडातले मोठे खगोलशास्त्रज्ञ होते. १९१९ च्या सूर्यग्रहणात ताऱ्यांचा उजेड सूर्याजवळून येताना वाकतो हे ज्यांच्या मोजणीनं दाखवलं, ते. त्यांना सायकलचा भारी नाद. त्यांनी स्वतःसाठी एक आकडा काढला होता. आकडा असा, की जितके मैल, तितके दिवस. समजा तुम्ही दहा दिवस, प्रत्येक दिवशी दहा किंवा त्याहून जास्त चालवलीत, तर तुमचा आकडा दहा. अकरा व्हायचा तर अकरा दिवस अकराच्या वर पाहिजेत. एडिंग्टन १९४४ साली वारले तेव्हा त्यांचा आकडा ८४ होता. म्हणजे आयुष्यात चौऱ्याऐंशी दिवस त्यांनी दर दिवशी ८४ मैल किंवा त्याहून जास्त सायकल मारली. मैल म्हणजे आपले एक किलोमीटर सहाशे मीटर.

आम्ही किलोमीटर धरले, आणि आयुष्याऐवजी वर्ष धरलं. या आकड्याचा गुण असा, की एका दिवसात खूप चालवून तो वाढत नाही आणि रोज थोडं थोडं चालवूनही एका मर्यादेपलीकडं वाढत नाही. आमच्या गावाहून सांगोल्याला जाऊन यायचं म्हणजे २२. तशा वीस चकरा झाल्या की आकडा वीस, बावीस झाल्या की बावीस. पण तेविसावी चक्कर सांगोल्याचीच केली तर आकडा हलत नाही. आणि तेवीस हवा असेल, तर नुसती एक लांब चक्कर पुरत नाही, तेवीसच्या तेवीस दिवस तेवीस किलोमीटरच्या वरचे लागतात. झालेल्या बावीसच्या बावीस चकरा फुकट जातात. म्हणून हे ज्यांना आधी कळलं, त्या सांगोल्यात पोचल्यावर बाजार समितीला एक वळसा मारून मग परत फिरायला लागल्या. तेवढ्यानं पंचवीस होतात. आता त्यांना पंचविसाव्या दिवसापर्यंत काळजी नाही.

सायकल आपल्या अंगाची करून घ्यायची, हे लांब जाण्याचं दुसरं गणित. सीटवर बसल्यावर पॅडल अगदी खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हावा, गुडघ्यात किंचित वाकलेला राहावा. सीट खाली असेल तर गुडघे दुखतात. वर असेल तर कंबर इकडून तिकडं जाते आणि मांडीच्या सांध्यात कळ येते. पुरुषांच्या सायकली आपल्याला बहुतेक उंच होतात.

आमच्यातल्या एकीची सायकल तिच्या मालकांची. ते जाऊन सहा वर्षं झालेली. सीट त्यांच्या उंचीची. ती नुसत्या बोटांनी पॅडल गाठायची, वीस किलोमीटरनंतर कंबर धरून बसायची, पण सीट खाली करू द्यायची नाही. आम्हाला वाटलं, नळी गंजून बसलीय म्हणून टाळतेय. मग एकदा म्हणाली, "त्यांनी लावलेली हाय, राहू दे." आम्ही गप्प बसलो. दोन महिन्यांनी तीच म्हणाली, करा खाली. नळीत रॉकेल सोडून तीन दिवस ठेवलं, रोज थोडं थोडं ठोकलं, तेव्हा ती हलली. खाली करायच्या आधी तिनं सुताच्या दोऱ्यानं जमिनीपासून सीटपर्यंतची उंची मोजून घेतली, आणि तो दोरा घरी नेला. सीट अडीच इंच खाली गेली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा तीस किलोमीटर जाऊन आली.

दांडीचा प्रश्न राहतोच. साडी नेसून दांडीच्या सायकलवर बसायचं कसं? आमच्यातल्या निम्म्या जणी नळीखालून पाय घालून शिकल्या, लहानपणी भावांच्या सायकलवर. आता आम्ही ड्रेस घालतो. आक्का नऊवारीत चालवतात, त्यांना काहीच अडचण येत नाही. साडी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या आणि चेनकव्हर पुरं पाहिजे. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ पासून साक्षरतेच्या चळवळीत हजारो बायका सायकल शिकल्या. शीला राणी चुंकथ तिथल्या कलेक्टर होत्या, त्यांनी लिहिण्या-वाचण्याबरोबर सायकलही शिकवायची ठरवली. लेडीज सायकली दुकानांत उरल्या नाहीत तेव्हा बायकांनी जेंट्स घेतल्या, आणि पुष्कळ जणींना त्याच जास्त आवडल्या, कारण दांडीवर लेकरू बसवता येतं. आपण दांडीला अडचण म्हणतो, त्यांनी तिचं आसन केलं.

चढाचं काय? या सायकलींना गिअर नाहीत. पुढं बहुतेक ४८ दाती चाक असतं, मागं फ्रीव्हीलला १८ दात. पॅडल एकदा फिरवलं की सायकल साधारण सहा मीटर पुढं जाते. सपाटीला छान, चढाला जीव जातो. मागचं फ्रीव्हील २२ दाती बसवा. मग एका फेरीत पाच मीटरच्या आसपास जाते, पाय जास्त वेळा फिरतो पण हलका फिरतो. चेनला एखादी कडी वाढवावी लागते. हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी बदल. चाचांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले, सायकल हळू होईल. होऊ दे. ताशी बारा किलोमीटर पडले तरी आम्हाला पुष्कळ झाले. चढ फारच असला तर खाली उतरून ढकलायची. ढकललेलं अंतरही आम्ही धरतो.

बिनगिअरची सायकल लांब जात नाही असं वाटत असेल, तर आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी यांचं ऐका. दहाव्या वाढदिवसाला त्यांना एक सायकल आणि एक नकाशांचं पुस्तक मिळालं, आणि त्यांनी तेव्हाच ठरवलं की सायकलनं हिंदुस्थानात जायचं. मग घरी आजारी आई. तिचं करण्यात वर्षं गेली. आई-वडील गेल्यावर, १९६३ च्या जानेवारीत, एकतीस वर्षांच्या असताना त्या निघाल्या. बर्फातून, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत दिल्लीला पोचल्या. निघताना सायकलीला तीन गिअर होते, तेही त्यांनी काढून टाकले, खराब रस्त्यावर टिकणार नाहीत म्हणून. आणि आपल्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, एकटीनं जगभर २९ हजार किलोमीटर सायकल चालवली. तिची सायकल अर्थात नव्या जातीची. लांब पल्ल्याच्या फेऱ्या भरवणाऱ्या संस्थाही आहेत, त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावे लागतात. आम्हाला अजून ते नको. पण ऐकून ठेवलंय.

आमचं वर्षाचं मोठं अंतर म्हणजे पंढरपूर. गावापासून ११ आणि पुढं ३२, असे ४३. एका दिवशी जायचं, मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी परत. आषाढी-कार्तिकीला रस्ता माणसांनी भरलेला असतो, म्हणून आम्ही मार्गशीर्ष धरला. हवा थंड, काम जरा कमी. दुसरं कारण वाऱ्याचं. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैऋत्येचा. पंढरपूर आमच्या ईशान्येला. म्हणजे जाताना पाठीवर आणि येताना, दमल्यावर, तोंडावर. थंडीत उलटं. जाताना ताजेपणी वाऱ्याशी झगडायचं आणि येताना तो ढकलतो. लांबचा दिवस ठरवताना नकाशाआधी वारा बघा.

तयारी दसऱ्यापासून केली. पंधरा, मग बावीस, मग अठ्ठावीस, मग तीस-बत्तीस. मधे एक आठवडा मुद्दाम कमी. आमचा अनुभव असा, की ठरवलेल्या अंतराचे तीनातले दोन भाग जिनं आरामात केले, ती थंडीत, थांबत थांबत, पुरं अंतर करते. सकाळी सहाला दिवे लावून निघालो. डायनामो चाकाला लावला की सायकल जड होते, उजाडलं की लगेच सोडवायचा, आम्ही दोघी सोडवायचं विसरलो आणि सांगोल्यापर्यंत कुरकुरत गेलो. खायला भाकरी, शेंगाचटणी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू. तहान लागायची वाट बघायची नाही. एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे जुलाबातलंच पाणी घामालाही चालतं. जवळ पंप, पंक्चरचं सोल्युशन, ठिगळं, व्हॉल्व्हट्यूब, आणि एक जादा कॉटर पिन. सात जणींत दोन पंक्चर झाली, दोन्ही आमच्या आम्ही काढली. अकरा वाजता चंद्रभागेच्या पुलावर होतो. एका पोलीसदादानं विचारलं, कुठल्या शाळेच्या मॅडम? आक्का म्हणाल्या, "शाळा नाय, गट हाय."

धाकटी सांगोल्यापर्यंतच आली होती. तिचं तेवढंच ठरलेलं होतं. ती तिथून परत फिरली आणि तिच्या वहीत त्या दिवशीचे २२ लिहिले.

आता पाडवा महिन्यावर आलाय. शाळूची काढणी चालू आहे, सायकली पुन्हा पडवीत. आक्कांच्या ८०० मधले चाळीस राहिलेत, आणि त्यांचा तो एडिंग्टनचा आकडा एकोणीसवर अडकलाय. वीस व्हायला वीस किलोमीटरच्या वरचा एकच दिवस कमी पडतोय. रविवारी त्या सांगोल्याला जाणार आहेत, सोबतीला आम्ही तिघी आहोत. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या कुणाला यायचं असेल तर सकाळी सहाला पाराजवळ या. येताना पंप आणा, आमच्या पंपाचा वायसर गेलाय.